सहा चमचे

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली, शेजारच्या उर्मिबेन आत शिरल्या आणि दार मिटतामिटता म्हणाल्या, "तुमच्या हर्षिदाबेनकडचं तर कालच उरकलं. आज मजा आहे त्यांची, पारणं असेल." सरयू "हो ना" म्हणाली, साठी ओलांडलेल्या बाईला शोभेल असं हसलीही. तळमजला आला, उर्मिबेन देरासरातल्या पूजेला चालू लागल्या आणि सरयू पूजेची पेटी छातीशी धरून लिफ्टच्या दारातच उभी राहिली. काल. काल संध्याकाळी ती बाल्कनीत बसून, सात दिवसांच्या उपासानं हलक्या झालेल्या डोक्यानं, धाकट्या बहिणीशी, हर्षिदाशी, बोलायचे शब्द जुळवत होती. उद्या संवत्सरी, उद्या चारच्या आत जाऊन येऊ, असं स्वतःला समजावत होती. आणि त्याच वेळी नदीपलीकडे शाहीबागेत ती बहीण वर्षाचं प्रतिक्रमण करून, सगळ्या जगाची क्षमा मागून आणि सगळ्या जगाला क्षमा करून, आसन गुंडाळून घरी गेलीसुद्धा होती. कुणीतरी वरून लिफ्ट बोलावली. दार तिच्या खांद्यावर आपटलं आणि परत उघडलं.

माहीत नव्हतं असं नाही. या वर्षी तिथी वाढली आहे, एक तिथीवाल्यांची संवत्सरी एका दिवशी आणि दोन तिथीवाल्यांची आदल्या दिवशी, हे साधू-साध्वी उतरतात त्या उपाश्रयाच्या फळ्यावर महिनाभर खडूनं लिहिलेलं होतं. अहमदाबादेतल्या जैनांना हे भांडण कुणी समजावून सांगावं लागत नाही. दोन्हीकडचे आपल्याच दिवसाला चौथ म्हणतात आणि दुसऱ्याच्या पंचांगाकडे बघून हसतात. बानं, दोघींच्या आईनं, थोरली सरयू एक तिथीत दिली होती, धाकटी दोन तिथीत. लोकांनी नाकं मुरडली तेव्हा बा म्हणाली होती, "बरंच झालं की. एकीकडे चुकलं तर दुसऱ्या दिवशी दुसरीकडे सुधारता येईल." ज्या वर्षी तिथ्या अशा फुटायच्या, त्या वर्षी हर्षिदा हटकून फोन करायची: "बेन, आमचं पारणं, तुमचा उपास. ये, मुगाच्या पाण्याचा वास तरी घेऊन जा." सरयूच्या डोक्यात तिथीचा फरक राहायचा तो त्या फोनामुळे. या वर्षी फोन आला नाही. फळा तिनं रोज वाचला, वाचून ती शिकवते त्या पाठशाळेतल्या पोरांना समजावलाही, आणि आपल्या बहिणीचं वर्ष काल संपणार आहे हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. माहीत असणं आणि ध्यानात असणं यांत केवढी दरी असते, हे तिला या वयात लिफ्टच्या दारात उभं राहून शिकावं लागलं.

घरी आली तेव्हा दहा वाजले होते. आठव्या दिवसाचा उपास आणि तोही चौविहार, म्हणजे आज उकळलेलं पाणीसुद्धा नाही. सात दिवस पाण्यावर काढले होते तेव्हा काही वाटलं नव्हतं. आज सकाळपासून जीभ टाळूला चिकटत होती आणि गिळायला गेलं की घशात कोरडा चट असा आवाज होत होता. स्वयंपाकघरात जाणं ती टाळत होती. तिथं ओट्यावर नवऱ्यासाठी, रश्मिकांतसाठी, उकळून परातीत गार करायला ठेवलेलं पाणी होतं आणि त्या पाण्याकडे बघितलं की तिला तहान लागत नव्हती, चमचा आठवत होता. नियम जुना आणि साधा होता. वर्षभरात ज्याच्याशी वैर झालं असेल ते संवत्सरीच्या संध्याकाळच्या आत मिटवायचं. त्यापलीकडे नेलेला राग मग राग राहत नाही, जन्मोजन्मी पाठीमागे लागणारं कर्म होऊन बसतो. हे ती पंचवीस वर्षं मुलांना शिकवत होती. हर्षिदाचा राग कालच्या संध्याकाळी ती रेघ ओलांडून गेला असेल, किंवा नसेल. आणि गेला असेल तर त्याला ढकलणारा हात सरयूचा होता, कारण तो राग खोट्यावर उभा होता आणि ते खोटं सरयूनं वर्षभर उभं राहू दिलं होतं.

"जायचं असेल तर जा, नाही तर आडवी हो जरा," रश्मिकांत पेपरमागून म्हणाले.

"जायला तर हवं. पण एका परीनं बघितलं तर आता जाऊन उपयोग काय. तिचं वर्ष बंद झालं."

"आणि दुसऱ्या परीनं?"

"दुसऱ्या परीनं माझं अजून चालू आहे."

"चाळीस वर्षं झाली लग्नाला," रश्मिकांतनी पान उलटलं. "तुझं एकाच परीनं कधी काही ऐकलं नाही मी."

त्यांना काही माहीत नव्हतं. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी ते औषधाच्या दुकानात गेले होते. संवत्सरी होऊन तिसरा दिवस. बा शहाऐंशी वर्षांची, चार महिन्यांपासून सरयूकडे, दवाखान्यातून स्वतःच्या हट्टानं घरी आलेली, भिंतीकडे तोंड करून पडलेली. फ्रीजवर सूर्योदय-सूर्यास्ताचं पत्रक लावलेलं होतं. त्यावर सूर्यास्त सहा एक्कावन्न. सात वाजून दहा मिनिटांनी बा म्हणाली, "पाणी." आणि नेमका तेव्हाच हर्षिदाचा फोन आला. बा काय म्हणतेय, पाणी मागतेय, मग दे ना, अगं सूर्यास्त होऊन गेला, बेन तू दे म्हणते ना मी, तुला तिथून सांगायला काय जातं, एक्केचाळीस वर्षांचा चौविहार आहे तिचा, दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब नाही. यावर हर्षिदा जे काही ओरडली ते सरयूनं ऐकलं नाही, फोन बंद केला. ऐकू येत होतं ते फक्त मागून, अगदी बारीक, तगादा नसलेलं, जुन्या सवयीचं असावं तसं, "पाणी."

पाणी तिनं दिलं. हे कुणालाच माहीत नाही. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथं ओट्याला धरून उभी राहिली. किती वेळ, ते तिनं नंतर अनेकदा मोजायचा प्रयत्न केला. पाच मिनिटं असतील, अकरा असतील. त्या चौविहाराच्या नियमात चार वाटा मोकळ्या ठेवलेल्या आहेत: नकळत घडलं तर, अवचित घडलं तर, थोरांनी सांगितलं तर, आणि जिवाला समाधान लाभावं म्हणून. चार बोटं मोडत ती दर वर्षी मुलांकडून हे घोकून घेते. ओट्याशी उभी असताना तिला चौथी वाट आठवली नाही. आठवल्या त्या उपाश्रयातल्या बायका. ऐंशी वर्षांच्या साध्वीजी व्याख्यानात बाचं नाव घेतात ते आठवलं. मग ती वाटी आणि चमचा घेऊन गेली आणि सहा चमचे बाच्या तोंडात घातले. सातवा ओठाच्या कडेनं ओघळून उशीत गेला. सव्वाआठला बा गेली. पावणेनऊला हर्षिदा पुलावरच्या गर्दीतून धापा टाकत पोचली तेव्हा खोलीत आधीच आजूबाजूच्या बायका जमल्या होत्या आणि त्यांतली एक पदरानं डोळे पुसत म्हणत होती, "काय जीव. शेवटपर्यंत चौविहार." हर्षिदानं दारातूनच विचारलं, "पाणी दिलंस?" सरयू गप्प राहिली. एवढंच. खोटं बोलायला तोंड उघडावं लागतं असं तिला तोवर वाटत होतं.

दोन दिवसांनी बेसण्यात, शोकसभेत, ती उभी राहून बोलली. बिपिनभाई, धाकटा भाऊ, अँटवर्पहून आलेला, पांढऱ्या कपड्यांत अवघडून बसलेला, त्यानंच सांगितलं, "मोठी तू, दोन शब्द बोल." दोनाऐवजी वीस बोलली. त्यांत एक वाक्य होतं की बानं शेवटच्या श्वासापर्यंत नियम पाळला. सभागृहातून कौतुकाचा एक हुंकार उठला, आणि तो विरायच्या आत बायकांच्या बाजूनं हर्षिदा उठून उभी राहिली. ओरडली नाही. भाजी कशी दिली विचारावं तशा आवाजात म्हणाली, "तू बाला तहानेनं मारलंस," आणि चपला शोधत निघून गेली. त्यानंतर वर्षभर एक शब्द नाही. सरयूनं आधी वाट पाहिली, मग कारणं शोधली. खरं सांगितलं तर बाचं काय, उपाश्रयात लागलेल्या तिच्या फोटोचं काय, त्या साध्वीजींचं काय. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथं मूठ आईची होती. आणि शिवाय, रात्री झोप येईना की ती स्वतःला समजवायची, खरं म्हणजे तरी काय? बानं नियम पाळला, एका परीनं. मोडला, एका परीनं. पाळलाही आणि मोडलाही. आणि चौथं उत्तर तर सगळ्यांत सोयीचं: सांगता येत नाही. एकेका प्रश्नाला सात उत्तरं होती तिच्या स्याद्वादाच्या शास्त्रात, आणि त्या साती उत्तरांच्या आड एक बाई आरामात लपू शकत होती.

गेल्याच महिन्यात पाठशाळेत तिनं हे शिकवलं होतं. हत्तीची आणि आंधळ्यांची गोष्ट पोरांना तोंडपाठ असते, तिला कंटाळा येतो. ती परात आणते. नुकतं उकळून परातीत ओतलेलं पाणी. हे गरम की गार? गरम, पोरं ओरडतात. पातेल्यातल्यापेक्षा? गार. आणि माठातल्यापेक्षा? गरम. मग गरम की गार? पहिल्या रांगेतली प्रियल, दोन वेण्यांची, हात वर न करता बोलणारी, म्हणाली, "म्हणजे नक्की काहीच नाही, टीचर. कदाचित गरम, कदाचित गार." सरयू चिडली होती. कदाचित नाही, ती म्हणाली, इथंच सगळे चुकतात. पातेल्यापुढे हे पाणी गार आहे, शंभर टक्के गार, आणि माठापुढे गरम आहे, शंभर टक्के गरम. कुठं उभं राहून बोलतोय ते आधी सांगायचं आणि मग पक्कं बोलायचं. जो कुठं उभा आहे तेच सांगत नाही, तो अनेक बाजू बघणारा अनेकान्ती नव्हे, तो पळपुटा. पोरांनी वहीत लिहून घेतलं. प्रियल मात्र तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग खोटं बोललं तर तेही कुठून तरी खरं असेल ना?" घंटा झाली. सरयू परात घेऊन मोरीपर्यंत चालत गेली तेव्हा पाणी सगळं हिंदकळत होतं.

एक वाजता तिनं रिक्षा केली. फोन केला असता तर, असं एकदा मनात आलं. पण ही गोष्ट फोनवरच बिघडली होती. पुलाच्या तोंडाशी रिक्षा थांबली ती थांबलीच. समोरून वरघोडा येत होता, दोन तिथीवाल्यांचा, काल संवत्सरी संपल्याच्या आनंदाचा: बँड, चांदीचा रथ, आठ-आठ दिवसांचे उपास केलेली मुलं मोटारींतून फेटे बांधून. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. "तुमचाच ना हा सण, माजी?" त्यानं विचारलं. "आमचाच. पण आमचा आज आहे." "मग हे कोण?" "हेही आम्हीच." तो हसला आणि तंबाखू मळू लागला. सरयूच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. घामानं पाठीला साडी चिकटली होती आणि तोंडात मात्र थेंबभर लाळ नव्हती. बाला असंच होत असेल का? ओट्याशी ती अकरा मिनिटं उभी होती तेव्हा? तहानेनं मारलं नाही, हे खरं. पण अकरा मिनिटं तहानेत ठेवलं, हेही खरंच होतं, आणि हर्षिदाच्या त्या वाक्यात तेवढा तुकडा अगदी खरा होता. दोन तास रिक्षा तसूतसूनं सरकली. पुलाखाली नदीत पाणी उन्हानं चकचकत होतं. तिनं मान फिरवली.

शाहीबागेतल्या त्या घरी पोचली तेव्हा साडेतीन होऊन गेले होते. दार हर्षिदाच्या सुनेनं, जिगिषानं उघडलं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. "मासी, तुम्ही? आज? तुमचं प्रतिक्रमण?" सरयू म्हणाली, "आई आहे का तुझी, म्हणजे सासू?" दिवाणखाना भरलेला होता. पारण्याचे पाहुणे, पितळी वाट्यांतून मुगाचं पाणी, सुंठीची गोळी, गुळाची राब, सगळीकडून तुपाचा वास. मधोमध झोपाळ्यावर हर्षिदा, अंजिरी साडी, नेहमीसारखी ताठ. तिनं बहिणीकडे पाहिलं आणि ओळखीच्या बाईकडे बघावं तशी मान हलवली. "बस ना," म्हणाली. "जिगिषा, खुर्ची दे मासीला. पंचांग हरवलं वाटतं त्यांच्याकडचं." दोघी-तिघी हसल्या. सरयू बसली. चार वाजले. नदीपलीकडे तिच्या उपाश्रयात आता आसनं अंथरली असतील, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिची जागा रिकामी असेल आणि पोरं एकमेकांना विचारत असतील, टीचर कुठं आहेत. एक पाहुणी उठे तोवर दुसरी येई. हर्षिदा प्रत्येकीला हात जोडून मिच्छामि दुक्कडम, चुकलंमाकलं माफ करा, म्हणत होती, मनापासून, वाकून. सरयूच्या वाट्याला ते आलं नाही. ती भिंतीवरचं घड्याळ आणि गॅलरीच्या फरशीवरचं ऊन, दोन्ही आळीपाळीनं पाहत राहिली. ऊन झोपाळ्याच्या साखळीपर्यंत आलं, मग साखळीवर चढलं. या लोकांना उठवायचा उपाय तिच्याकडे नव्हता, पण सूर्याकडे होता: सहाच्या सुमाराला सगळ्याजणी एकदम उठल्या, कारण दिवस मावळायच्या आत प्रत्येकीला घरी जाऊन जेवायचं होतं.

खोली रिकामी झाली. जिगिषा आतून पाण्याचा पेला घेऊन आली, पाहुणीसाठी आपोआप आणतात तसा, आणि सरयूपुढे धरून थबकली. "अरे, मासीचा तर उपास."

"चौविहार असेल," हर्षिदा म्हणाली. "पाण्याचा थेंब चालत नाही मासीला. दुसऱ्यांनाही चालू देत नाही. ने आत."

जिगिषा पेला घेऊन गेली. पेल्याच्या बाहेरून थेंब निथळत होते. सरयूनं ते शेवटपर्यंत पाहिले आणि मग बोलली. तिचा आवाज फाटका निघाला.

"मी बाला पाणी दिलं होतं."

हर्षिदानं पायानं झोपाळा थांबवला.

"कधी?"

"तुझा फोन ठेवल्यावर. लगेच नाही. आधी आत जाऊन उभी राहिले. मग दिलं."

"किती?"

"सहा चमचे. सातवा ओघळला."

"उकळलेलं?"

"उकळलेलं. कोमट होतं."

"घोट गेला तिला?"

"गेला."

हर्षिदा खाली बघत होती. तिच्या अंगठ्याशी जमिनीवर मुगाचा एक दाणा पडला होता, तो तिनं वाकून उचलला आणि मुठीत ठेवला. सरयूला वाटलं, झालं, आता ही रडेल, आता उठून येईल. वर मान केली तेव्हा हर्षिदाचे डोळे कोरडे होते.

"म्हणजे एक्केचाळीस वर्षांचा नियम तू मोडलास तिचा. आणि वर बेसण्यात उभं राहून लोकांना सांगितलंस."

सरयूला हसू आलं. उपासानं, शिणानं, कशानं कोण जाणे. पण पोटातून आलं आणि तिला ते दाबता येईना. "वर्षभर मी तिला तहानेनं मारणारी. आता पाणी दिलं म्हणून नियम मोडणारी. कोणता गुन्हा ठेवायचा ते एकदा ठरव, हर्षिदा."

"दोन्ही ठेव. दोन्ही तुझेच आहेत."

"आहेत," सरयू म्हणाली. एका परीनं, हा शब्द जिभेवर आला होता. तिनं तो गिळला, आणि घशात पुन्हा तो कोरडा चट आवाज झाला. "आणि तिसरा पण आहे. तो कुणालाच माहीत नाही. चमचा ओठाला लावला तेव्हा बानं तोंड मिटलं. मला म्हणाली, सूर्य आहे का अजून?"

"मग?"

"मी म्हटलं, आहे."

"खिडकीला तर—"

"पडदा होता. मी बघितलं पण नाही. दिवा लावलेला होता खोलीत. आहे बा, म्हटलं, पी. मग तिनं तोंड उघडलं."

गॅलरीतून खालच्या रस्त्यावरच्या दुचाकींचा आवाज येत होता. हर्षिदा झोपाळ्यावरून उतरली, दोन पावलं चालली, परत येऊन बसली. तिचं तोंड आता निराळंच दिसत होतं, लहानपणी पोळमधल्या, जुन्या गल्लीतल्या घरात गणित सुटत नसलं की दिसायचं तसं.

"म्हणजे तिच्या लेखी दिवस होता," ती सावकाश म्हणाली.

"तिच्या लेखी दिवस होता."

"मग तिचा नियम मोडलाच नाही. नकळत घडलं. त्याला सूट आहे."

"तिचा नाही मोडला. खोटं मी बोलले, ते माझं."

"बेन." हर्षिदानं वर्षभरात पहिल्यांदाच तिला बेन म्हटलं. "बा फसणारी होती का गं? ढगात काळोख झाला असला तरी सूर्यास्ताचं मिनिट सांगायची ती. पत्रक न बघता. डोळे अधू झाले तरी सांगायची. तिला कळलं नसेल?"

हे सरयूच्या मनात वर्षभरात आलं नव्हतं असं नाही. आलं होतं आणि प्रत्येक वेळी तिनं दार लावून घेतलं होतं. सहाव्या चमच्यानंतर बानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं होतं. नुसतं पाहिलं होतं. त्या नजरेत विश्वास होता, की माफी होती, की मोठ्या मुलीची थोडी गंमतही होती, हे सरयूला तेव्हा कळलं नाही आणि नंतर रोज निराळं दिसत गेलं.

"मग तिनं विचारलं कशाला?" हर्षिदा म्हणाली. तिचा आवाज आता फाटला. "तुला खोटं बोलायला जागा करून दिली का तिनं?"

"मला माहीत नाही."

"सांग ना. तू टीचर ना."

"मला खरंच माहीत नाही, हर्षिदा. मी तिथं होते तेवढं सांगते. मी पाणी दिलं हे नक्की. उशिरा दिलं हे नक्की. खोटं बोलले हे नक्की. बाला काय माहीत होतं ते फक्त बाला माहीत."

हर्षिदा रडली ती मग. आवाज न करता, पदर तोंडात धरून, अंजिरी साडीवर काळे डाग पडेपर्यंत. सरयूनं तिला हात लावला नाही. जिगिषा दारात आली आणि पाऊल न वाजवता परत गेली. गॅलरीतलं ऊन साखळीवरून भिंतीवर गेलं होतं, तांबूस झालं होतं.

"सहा चमचे," हर्षिदा म्हणाली. "सहा चमच्यांसाठी मी वर्षभर झोपले नाही. पाणी पिताना दर वेळी बा दिसायची. आणि तू नुसतं सांगितलं असतंस."

"हो."

"काल प्रतिक्रमणात चौऱ्यांशी लाख जीवयोनींना खमावलं, माफ केलं मी. किडामुंगीला, झाडापाल्याला, नरकातल्यांना. तू सोडून. तो भाग आला तेव्हा मनात म्हटलं, एक सोडून सगळे." तिनं नाक पुसलं. "आता ते झालं. वर्ष ओलांडलं. आता कुठून परत आणू?"

या प्रश्नाचं उत्तर सरयूला देता आलं असतं; माझं वर्ष अजून चालू आहे, हेच उत्तर घेऊन ती सकाळी लिफ्टपासून फिरत होती. पण ते मागणं तिच्या तोंडी शोभलं नसतं.

हर्षिदा भिंतीवरच्या फोटोकडे पाहत होती, हार घातलेल्या सासऱ्यांच्या, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्या पंचांगाचं नाव या घरात काढू दिलं नव्हतं. "आज तुमच्यात काय आहे?" तिनं विचारलं.

"चौथ."

"आमच्यात पंचमी." ती उठली. आतल्या खोलीत गेली, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि लोकरीची दोन आसनं काखेत मारून परत आली. एक तिनं सरयूच्या पायांपाशी टाकलं. "तुला प्रतिक्रमण सगळं पाठ आहे ना? पुस्तक लागणार नाही?"

"नाही लागणार."

"तीन तास लागतील. चक्कर येऊन पडलीस तर मी पाणी देणार नाही, आधीच सांगते." तिनं आपलं आसन पूर्वेकडे तोंड करून अंथरलं आणि एकदा फोटोकडे पाहिलं. "हे आज भिंतीवरून पडणार बहुतेक. आणि हे बघ, मी तुला माफ केलेलं नाही. मी नुसती बसतेय. तो भाग आला की तोंडातून काय निघतं ते तिथं बघू."

"बघू," सरयू म्हणाली. एकीकडे चुकलं तर दुसरीकडे, हे बाचं जुनं वाक्य दोघींनाही आठवलं असणार, पण ते कुणी उच्चारलं नाही.

हर्षिदा आसनावर बसली, मांडी घातली, पदर सारखा केला. मग मान न वळवता, अगदी बारीक आवाजात, तिनं विचारलं, "बेन, सूर्य आहे का अजून?"

सरयू खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि गॅलरीपर्यंत चालत गेली. समोरच्या दोन इमारतींच्या मधल्या फटीत, पाण्याच्या टाकीच्या कडेला टेकलेला, लाल आणि अर्धा, तो तिला दिसला. तिनं तो नीट पाहून घेतला.

"आहे," ती म्हणाली.